शालाखची कोरी जागा

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि दर महिन्याला ज्यांच्यापुढे गुडघे टेकून पापं सांगत होतो त्या फादर जोकीमांनाही नाही. फादरांच्या नमुना-पुस्तिकेत जुन्या करारातल्या एका पक्ष्याचं नाव चुकीचं छापलं गेलं आणि त्यापायी पुढे त्यांच्या हातून भाषांतराचं काम गेलं, हे वसईतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ती चूक फादरांची नव्हती. माझी होती.

या अंकासाठी संपादकांनी मागितल्या होत्या त्या लेखनिकाच्या गमतीजमती. शाळा सांभाळून धर्मग्रंथांच्या पक्क्या प्रती करण्यात आणि मुद्रितं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गमती पुष्कळ आहेत, दोन-तीन सांगतोही. पण गमती लिहायला बसलो की दर वेळी लेखणी त्या पक्ष्यापाशी येऊन अडते आणि मी कागद बाजूला सारतो. या वर्षी म्हटलं, अडू दे.

मी निर्मळजवळच्या एका वाडीतला. घरी केळी, भाजीपाला, थोडी फुलं. शिकून शाळामास्तर झालो. हस्ताक्षर बरं होतं, एवढ्या एका गुणावर फादर जोकीमांनी मला धरलं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. वसई किल्ल्याच्या बाजूच्या त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी सायकलीवरून काही कामाला गेलो असताना त्यांनी माझ्या हातातली शाळेची यादी घेतली, मजकूर न वाचता नुसती अक्षरं पाहिली आणि विचारलं, "मास्तर, संध्याकाळी काय करता?"

"वाडीला पाणी लावतो, फादर."

"ते भावाला लावू द्या. तुम्ही माझ्याकडे या."

फादरांना सेमिनरीत असल्यापासून हिब्रूचा नाद. जुना करार मूळ भाषेतून आपल्या माणसांना कळेल अशा मराठीत आणायचा, ही त्यांची आयुष्याची एकच हौस होती. वरिष्ठांनी होय म्हटलं होतं, पण अटीवर: आधी थोड्या भागांची एक नमुना-पुस्तिका छापून दाखवा, लोकांना पटली तर पुढचं बघू.

हे काम कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. फादर मूळ वाक्य आधी मोठ्यानं हिब्रूत वाचत. मग डोळे मिटून मराठीत बोलत. मी ते पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. मग ते कागद घेऊन मी दोन घरी जायचं, एक वाडीवाल्याचं आणि एक कोळ्याचं. जपमाळ झाली की अंगणात बसून वाचून दाखवायचं. एका घराला कळलं आणि दुसऱ्याला नाही, तर शब्द परत फादरांकडे. दोन्ही घरांत कळलं की मग शाईनं पक्की प्रत.

यात मजा फार यायची. एकदा देवाच्या वस्त्राबद्दल 'हिमासारखं पांढरं' असं आलं. हिम कुणी पाहिलेलं? मी आपला 'बर्फासारखं' असं वाचलं, तर पाचूबंदरच्या कोळ्याच्या अंगणात बायका हसून हसून लोळल्या. त्यांचा बर्फ म्हणजे मासळीवर घालायचा, भुशातून काढलेला, वास मारणारा आणि करडा. "एवढं काळं वस्त्र नेसून देव आला काय, मास्तर?" म्हणाल्या. एकीनं सुचवलं, मिठागरातल्या मिठावानी लिवा. मला ते फार आवडलं. फादरांना सांगितलं तर तेही खूश झाले, पण मान हलवून म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या मनात मीठ असतं तर त्यानं मीठच लिहिलं असतं. त्याच्याकडेही मीठ होतं."

दुसरे एक आमच्याच आळीतले म्हातारे वाडीवाले. द्राक्षमळ्याचा दाखला वाचला की ते चिडत. "आमच्याकडे कोण लावतो द्राक्षं? केळीची वाडी लिहा. देवाला केळी आवडत नव्हती असं कुठं म्हटलंय?" त्यांची समजूत घालता घालता माझी एक संध्याकाळ गेली, आणि निघताना त्यांनी फादरांसाठी केळीचा घड दिला तो बहुधा लाच म्हणून.

आता फादरांचा नियम सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ कळला नाही तर तिथं अंदाजानं काही लिहायचं नाही. शब्द मावेल एवढी जागा कोरी सोडायची आणि समासात मूळ शब्दाचा उच्चार लिहून ठेवायचा. छापतानाही तशीच कोरी छापायची. मला हा नियम अंगावर यायचा. सुबक प्रतीत मधेच पांढरं भोक दिसलं की लेखनिकाला आपलंच काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. फादर हसत. "लाज वाटते ना? मलाही वाटते. पण राहू द्या."

नमुन्यासाठी त्यांनी मुद्दाम एक अवघड भाग घेतला होता: जुन्या करारात यहुद्यांना जे पक्षी खायला मना केले आहेत त्यांची यादी. त्यातली बरीच नावं आज कोणत्या पक्ष्याची हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. गरुड, कावळा, घुबड अशी काही जमली. काहींवर फादरांनी महिनोन्‌महिने घालवले. शेवटी एकच नाव उरलं: शालाख.

त्याच्यासाठी फादरांनी ठाण्याहून शालोम मास्तरांना बोलावलं. हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातले, माझ्यासारखेच शाळामास्तर. मराठी आमच्यापेक्षा चोख आणि हिब्रू घरातली. फादरांची आणि त्यांची जुनी दोस्ती. आल्या आल्या त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "विचारा. शालाखच ना? मला वाटलंच होतं."

"काय अर्थ?" फादर पुढे सरकले.

"फेकणं, भिरकावणं, त्या धातूवरून आलंय. भिरकावणारा. आता काय भिरकावतो? स्वतःला पाण्यात भिरकावतो, की मासा बाहेर भिरकावतो? आमचे जुने पंडित म्हणतात, समुद्रातून मासा उपसणारा. कुणी म्हणतं पाणकावळा, कुणी म्हणतं मासेखाऊ घार. मला विचाराल तर, माहीत नाही."

"मग तुम्ही लोक पाळता कसं? ओळखल्याशिवाय वर्ज्य कसं करता?" मी विचारलं.

"सोपं आहे. वाडवडिलांनी जे पाखरू खाल्लं तेवढंच खातो. जे ओळखू येत नाही त्याच्या वाटेला जात नाही." मग फादरांकडे बघून म्हणाले, "आमचं या शब्दावाचून अडत नाही. तुमचं का अडतंय तेच कळत नाही."

"माझंही अडत नाही," फादर म्हणाले. "मास्तर, कोरी ठेवा."

मी कोरी ठेवली. पण 'स्वतःला पाण्यात भिरकावणारा' हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, कारण असा पक्षी मी रोज पाहत होतो. पाचूबंदरला मी ज्या घरी वाचायला जायचो ते फरांसू तांडेलाचं घर. तांडेल म्हणजे होडीचा नाखवा, जाळं कुठं टाकायचं हे ठरवणारा. फरांसू वयस्क झाला होता. होडी त्याचा मुलगा दुमिंग हाकायचा, पण नजर बापाची. समुद्रावर ते सडपातळ पांढरे पक्षी वरून दगडासारखे पाण्यात कोसळताना दिसले की तो हात वर करायचा. खाली मासळीचा थवा आहे, टाका जाळं. जाळं वर आलं की पहिली मासळी फरांसू त्या पाखरांकडे फेकायचा. ती फेकल्याशिवाय दुसऱ्या मासळीला कुणी हात लावायचा नाही. बापानं शिकवलेली रीत. "वाट दाखवनाऱ्याचा वाटा," म्हणायचा.

त्याची बायको कातरीन बाजारात मासळी विकायची. ती मला म्हणायची, "मास्तर, या म्हाताऱ्याला जेवाया हाका मारून माझा घसा बसतो, आन् पाखरू कुठं लांब ओरडलं तर याला आयकू येतं."

"पाखरू कामाचं बोलतं," फरांसू म्हणायचा.

पावसाळ्यात फादर तापानं पडले. ताप हटेना. दिवसचे दिवस ते ग्लानीत असत. नेमका तेव्हाच छापखान्याचा माणूस पक्की प्रत न्यायला आला. प्रत तयार होती, एकच जागा कोरी होती. तो माणूस पानं चाळताना तिथं थांबला आणि हसला. "हे काय मास्तर, पुस्तकाचा पुढचा दात पडलाय वाटतं!"

थट्टा साधी होती. मी म्हणालो, "बसा जरा." आत गेलो, लेखणी घेतली, आणि त्या जागेत लिहिलं: 'समुद्रात सूर मारणारा पांढरा पक्षी'.

लिहिताना मला आनंद झाला होता, हेही कबूल करतो. एवढ्या पंडितांना न सुटलेला शब्द आपल्याला सुटला असं वाटलं. 'सूर मारणारा' हे तरी शालोम मास्तरांच्या एका अंदाजाला धरून होतं. 'पांढरा' मात्र कशालाच धरून नव्हतं. मूळ शब्दात रंगाचं नाव नाही. तो रंग मी पाचूबंदरच्या आभाळातून उचलून त्या ग्रंथात घातला.

पुस्तिका छापून आली ती पावसाळा सरल्यावर. फादर अजून अशक्त होते, खुर्चीत शाल पांघरून बसलेले. मी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिचा वास घेतला, मुलासारखे हसले, एकेक पान पाहत गेले. पक्ष्यांच्या यादीवर थांबले.  मग हळूच विचारलं, "मी आजारी असताना शालोम मास्तर येऊन गेले काय?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. नाही म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. मी म्हणालो, "हो, फादर."

त्यांनी पान उलटलं.

त्याच आठवड्यात मी पुस्तिका घेऊन पाचूबंदरला गेलो. अंगण भरलं होतं. छापील पुस्तक, आपल्या भाषेतलं, आणि त्यातले शब्द ज्यांना विचारून घेतलेले तीच माणसं समोर. फादरांनी आरंभी चार पानांचा खुलासा लिहिला होता: ही बंधनं यहुद्यांच्या आहारापुरती आहेत, त्या पक्ष्यांत स्वतःचं काही वाईट नाही, आपल्याला ती लागू नाहीत. तो खुलासा मी वाचला नाही. लांब होता, आणि मला यादीकडे जायची घाई होती. मी यादी वाचली. 'हे तुम्ही अमंगळ माना' असं सुरुवातीला, आणि मग एकेक नाव. माझ्या शब्दांपाशी आवाज थोडा चढवलाच असेन.

 फरांसू कोपऱ्यात जाळ्याचं भोक सांधत बसला होता. त्याचा हात थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "ही आमचीच पाखरं नं? बंदराभायर सूर मारतात ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो माझा अंदाज आहे, मूळ शब्द कुणालाच कळलेला नाही, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तीच दिसतात."

"अमंगळ?"

"असं लिहिलंय खरं."

फरांसूनं सुई जाळ्यात खोचली आणि आत निघून गेला. कातरीन मागून ओरडली, "अवो, सांधायचं ऱ्हायलं की!" तो वळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पहिली मासळी फेकणं सोडलं. पुढे होडीत उभा राहिला तरी मान वर करीना. पाखरांकडे बघितलं की मोह होतो, म्हणायचा. आणि तो बघणार नसला तर होडीत त्याचं काम काय? थोड्या दिवसांनी तो किनाऱ्यावरच बसू लागला, समुद्राकडे पाठ करून. दुमिंग जाळं नको तिथं टाकायचा आणि हात हलवत परत यायचा.

मी हे पाहत होतो. वाचायला जाणं कमी केलं. एकदा धक्क्यावर फरांसू गाठ पडला तर मीच सायकल वळवली, पण त्यानं हाक मारली.

"मास्तर, मी कन्फेशन करून आलो. जल्मभर अमंगळ पाखराला देवाच्या मासळीतला पयला वाटा दिला, ते सांगितलं."

"फादर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनाले, फरांसू, ह्यात पाप नाय. जा, खुशाल फेक." तो खिन्न हसला. "पन पुस्तकात तर छापलंय. मला सांगा, फादर मोठे का पुस्तक मोठं?"

मी सायकलीवर टांग टाकली. त्या एका जागी ते पुस्तक म्हणजे मीच होतो.

इथं आमच्या धर्माबाहेरच्या वाचकांसाठी एक सांगितलं पाहिजे. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरूला बाहेर कधीच उच्चारता येत नाही. कबुली देणारा वाटल्यास गावभर सांगत फिरेल. ऐकणाऱ्याच्या ओठांना कुलूप. फरांसूचं दुःख फादरांना कळलं होतं ते अशा कुलपाच्या आत. ते मला बोलावून, तुझ्या शब्दापायी त्या माणसाचं काय झालं बघ, असं म्हणू शकत नव्हते. आणि एव्हाना शालोम मास्तर खरोखरच भेटून गेले होते, तेव्हा तो शब्द कुणाचा हेही त्यांना कळून चुकलं असणार.

त्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे फादरांकडे कन्फेशनला गेलो. रागावलो, आळस केला, शाळेत एका मुलाला विनाकारण मारलं, सगळं ओळीनं सांगितलं.  एरवी ते लगेच प्रायश्चित्त देत. त्या दिवशी जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

आवाजात धमकी नव्हती, घाईही नव्हती. ते वाट बघत होते.

"नाही, फादर."

 मग त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. मी उठलो आणि बाहेर आलो. छापखान्यातली चूक म्हणजे काही पाप नव्हे, असं मी स्वतःला देवळाच्या पायऱ्या उतरता उतरताच पटवलं होतं.

नाताळच्या आधी दुमिंगची नवी होडी पाण्यात उतरायची होती. आमच्याकडे होडीला फादरांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय कुणी ती लोटत नाही. फादर अजून काठी घेऊन चालत होते. त्यांच्याबरोबर पवित्र पाण्याचं भांडं धरून मी. धक्क्यावर ख्रिस्ती, हिंदू सगळे कोळी जमलेले. होडीला झेंडूच्या माळा, पुढच्या टोकाला नाळेवर क्रूस रंगवलेला. फरांसू गर्दीच्या मागे एका पालथ्या टोपलीवर बसला होता, समुद्राकडे पाठ. मुलाच्या नव्या होडीत चढणार नाही, असं त्यानं घरी सांगून टाकलं होतं. कातरीन बाजाराची टोपली घेऊन उभी होती, डोळे सुजलेले.

फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मग विचारलं, "या होडीचा तांडेल कोण?"

 दुमिंगनं बापाकडे बघितलं.

फादर गर्दीकडे वळले. आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या पुस्तिकेत एक चूक छापली गेली आहे. पक्ष्यांच्या यादीत. मूळ शब्द कोणत्या पाखराचा आहे हे मला माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही. तिथं जागा कोरी पाहिजे होती, आणि छापलं गेलं तुमचं पाखरू. तुमच्या पाखराचा त्या यादीशी काही संबंध नाही. पुस्तक माझं आहे, चूक माझी आहे."

मी हातातल्या भांड्याकडे बघत उभा राहिलो. कुणाचं लक्ष नव्हतं.

 मग लिलावाचा पुकारा करणारी एक दांडगी बाई होती ती ओरडली, "मंग फादर, बाकीच्या पाखरांचं काय? ती तरी बरोबर हायत का?"

"दोन-चार संशयाची आहेत," फादर म्हणाले, आणि सगळा धक्का हसला.

फादरांनी हात पुढे केला. "कातरीन, एक मासळी दे."

कातरीननं डोळे पुसले आणि टोपलीवर हात ठेवला. "देते. पन पापलेट नाय देनार हां पाखराला. आशीर्वाद असला तरी नाय."

तिनं एक बांगडा दिला. फादर धक्क्याच्या टोकाला गेले. बाहेर, होड्यांच्या पलीकडे, ते पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. फादरांनी काठी मला दिली, झगा सावरला आणि मासळी फेकली. ती हातातून निसटली, जवळच चिखलात पडली, आणि कुठूनसा एक कावळा येऊन घेऊन गेला. कावळा यादीत खात्रीनं होता.

हसण्याचा असा गदारोळ झाला की फादरही हसता हसता खोकू लागले. "दुसरी दे," म्हणाले. दुसरी पाण्यात पडली, पण पार जवळ. पाखरं फिरकलीही नाहीत.

"आसं नाय, फादर!"

फरांसू उठला होता. गर्दीतून वाट काढत पुढे आला. चेहरा रागावलेला, एखाद्या कारागिरासमोर कुणी त्याचं हत्यार उलटं धरावं तसा. "वाऱ्याच्या अंगावर कोन फेकतो? अशानं जल्मात न्हेनार नायत ती. आना इकडं."

त्यानं कातरीनच्या टोपलीतून स्वतःच एक लहानशी मासळी निवडली, शेपटीला धरली, मान वर करून आभाळाकडे बघितलं, थांबला, आणि मग फेकली. ती उंच गेली, चकाकली. वरचा एक पक्षी कलला आणि ती पाण्याला लागते न लागते तोच तिच्यासकट पाण्यात घुसून वर आला.

"आशी," फरांसू म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात दुमिंगवर खेकसला, "बघतो काय? लोट होडी. भरती थांबंल का तुज्यासाठी?" आणि चढला.

परतताना फादर हळू चालत होते. मी ठरवलं होतं, देऊळ यायच्या आत सांगायचं. दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ते माझ्याकडे वळले आणि थांबले. मी म्हणालो, "फादर, चिखल आहे, जपून." ते म्हणाले, "हो." आणि चालू लागले.

दुसऱ्या संध्याकाळी मला वाटलं, आता ते मला येऊ नका म्हणतील. मी दारात घुटमळलो. टेबलावर नवे कागद, टोकदार केलेल्या पेन्सिली. फादर म्हणाले, "या मास्तर. पुढचं पान." त्या पानातही एक शब्द अडणारा होता. ते म्हणाले, "इथं जागा सोडा," आणि कागद माझ्या हाती दिला. पुन्हा तपासून बघितला नाही. त्या एका गोष्टीबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. कोरी जागा भरणाऱ्याच्या हाती त्यांनी पुन्हा कोरी जागा दिली.

धक्क्यावर बोललेलं वरपर्यंत गेलंच. स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करणारा भाषांतरकार, आणि तेही भर गर्दीत, मासळी हातात घेऊन! काम अधिक जाणत्या मंडळींकडे द्यावं असं ठरलं. फादरांनी सगळी हस्तलिखितं एका पेटीत भरली, मी बैलगाडीत चढवली. गाडी वळणाआड जाईतो ते उभे होते. मग म्हणाले, "बरं झालं. आता मला हिब्रू नुसतं वाचता येईल." मला वाटतं, ते खोटं बोलले. मी त्यांच्याकडून ऐकलेलं तेवढंच एक खोटं. मी तेव्हाही वरिष्ठांकडे गेलो नाही. लिहिलंही नाही. नोकरी होती, घर होतं, नाव झालं होतं. पुढे छापखान्यांची कामं मला मिळत गेली ती फादर जोकीमांचे मास्तर म्हणूनच.

शालोम मास्तर पुढे इस्राएलला गेले. निघण्यापूर्वी फादरांना भेटायला आले तेव्हा म्हणाले, "तिथं समुद्रावर गेलो की आधी बघतो, कोण स्वतःला भिरकावतंय. कळलं तर कळवीन." कळवलेलं नाही. कुणालाच कळलेलं नसावं. नव्या मंडळींनी त्या जागी पाणकावळा घातला आहे. असेलही.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी मुलं मला आता 'कोऱ्या जागांचे मास्तर' म्हणून चिडवतात, कारण माझ्या हातून गेलेल्या प्रतीत न कळलेला शब्द कोराच राहतो, छापखान्याचा मालक कितीही ओरडो. मी चिडत नाही. उलट थोडा अभिमानच वाटतो, आणि तो अभिमान कुणाकडून उसना घेतला आहे ते मला माहीत असतं.

फादर गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांच्या आधी फरांसू गेला. शेवटच्या हंगामापर्यंत दुमिंगच्या होडीत उभा होता, मान वर करून. कातरीन अजून बाजारात बसते. मी मासळी घ्यायला गेलो की मोजून झाल्यावर वर आणखी एक टाकते. मी नको म्हणतो. ती म्हणते, "घ्या वो मास्तर. तुमी फादरांचे. फादर चुकले व्हते, पन मानूस चांगला. चूक झाली तर पदरात घेतली." मी ती मासळी घेतो, घरी आणतो, आणि बायको विचारते, आज जेवण उतरत नाही काय?

फादर चुकले नव्हते. हे इथं छापून येईल तेव्हा माझ्या देण्यातला एक भाग फिटेल. कातरीनला वाचता येत नाही. तेव्हा पाचूबंदरला जाऊन, तिच्या अंगणात बसून, 'पांढरा' हा शब्द माझा होता हे तिला मी माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते अजून राहिलं आहे.